दिव्याचा परकर

यमुने, तू गेलीस हे मला चौथ्या दिवशी कळलं, आणि तेही बाजारात, वांगी निवडता निवडता. तुझी जाऊ पाटी घेऊन बसली होती. मी तिला माझ्या नेहमीच्या तोऱ्यात विचारलं, यमुना का येत नाही, दुखणं बरं झालं की नाही, काम खोळंबलंय म्हणून सांग तिला. तिने तराजू खाली ठेवला. मग म्हणाली, "यमुना गेली, बाय. तुला नाय कल्ला?" मी हातातलं वांगं पाटीत ठेवलं, परत उचललं, आणि पाव शेर वांगी घेऊन घरी आले. त्या दिवशी आमच्याकडे वांग्याची भाजी झाली. सगळे जेवले, मीही जेवले. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग काय उपाशी ऱ्हायचा?

आज तुझा बारावा दिवस. मला तुझ्या गावी, ओव्याला यायचं होतं, नाही आले. का नाही आले ते पुढे सांगते. आधी हे सांगते की तू काही पुरती गेलेली नाहीस. रोज दिवेलागणीला ओटीवर रिकामी पाटी टेकवल्याचा आवाज येतो. बांबूचा काठ फरशीला घासतो तसा. मी बाहेर जाऊन बघते, तर कोणी नसतं. आणि कात्री. कात्री उघडी ठेवली की घरात भांडण होतं, असं म्हणून तू ती येता-जाता मिटायचीस, आणि मी मुद्दाम उघडी टाकायचे, तुला डिवचायला. या आठवड्यात दोनदा मी ती उघडी ठेवून आत गेले आणि बाहेर येऊन बघते तो मिटलेली. आमच्या घरात माझ्या कात्रीला हात लावायची कोणाची छाती नाही. आमच्या ह्यांना विचारलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, तूच मिटली असशील. असेल. पण मला तसं वाटत नाही.

आपलं सुरू कसं झालं, ते आठवतं ना? पनवेलीत वीज आली तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात नागडा बल्ब लोंबायला लागला. उजेड आला, पण डोळ्यांत खुपणारा. ज्यांना परवडत होतं ते मुंबईहून रेशमी शेड आणायचे. बाकीचे कपाळाला हात लावून बसायचे. गोरे लोक गेले, त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं, आणि फिरत फिरत त्यातल्या शेडचे गंजके सांगाडे आपल्या जुन्या बाजारात आले. वर फाटलेलं रेशीम, आत कोळिष्टकं. ह्यांनी एक दिवस तसले चार सांगाडे उचलून आणले. मी शिंप्याची मुलगी, मला त्यात वाया गेलेली तार दिसेना, बेतायचं कापड दिसलं. तू तेव्हा सुकी मासळी विकायला दारावर यायचीस. मी ओटीवर सांगाडा घासत बसले होते, तू पाटी उतरवून बघत उभी राहिलीस आणि विचारलंस, हे काय. मी सांगितलं, दिव्यावर घालायचं. तू हसलीस. "म्हंजे दिव्याला परकर नेसवायचा." तेव्हापासून आपल्या दोघींत त्याला शेड कोणी म्हणालं नाही.

तुला शिकवायला मला तीन दिवस पुरले, आणि त्यातही अर्धा वेळ तू मलाच शिकवलंस. आधी जुनं कापड अलगद सोडवायचं, फाडायचं नाही, कारण तोच पुढचा बेत. गंज घासायचा. तारेवर जुन्या धोतराची पट्टी आवळून गुंडाळायची, म्हणजे टाका धरायला जागा होते. आत पांढरी मलमल, नाहीतर बल्ब डोळ्यांत येतो. वरचं कापड कुठलंही. जुन्या साडीचा बरा असलेला पदर, दुकानात ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा, पडद्याची न विटलेली बाजू. कांजी तू सांगितलीस. मी खळ उकळत बसणार होते, तू म्हणालीस पेजेचं पाणी काय वाईट आहे. पेजेच्या पाण्याने ताणलेलं कापड वाळलं की असं ताठ व्हायचं की टिचकी मारली तर वाजायचं. आणि शेवटचा नियम, तोही तुझाच. दिवा लावून बघितल्याशिवाय परकर घराबाहेर जायचा नाही. दिवसा कापड सगळं लपवतं, तू म्हणायचीस, दिव्याच्या पोटात गेलं की डाग, रफू, सांधा, काही झाकलं राहत नाही.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून, तुझ्या डाव्या हातावरून. तू डावखुरी. तुझे टाके सगळ्या जगाच्या उलट कलायचे. एका शेडवर आपण दोघींनी हात चालवला की मधोमध टाके एकमेकांकडे पाठ फिरवून बसल्यासारखे दिसायचे. मी तुला उसवायला लावायचे. पुन्हा घाल, उजव्या हातानं. तू तोंडातल्या तोंडात मला शिव्या देत उसवायचीस. एकदा सबंध घेर उसवायला लावला आणि तू सुई खाली ठेवून म्हणालीस, हात द्येवानं दिला, तू कोन बदलनारी? माझ्या सासूबाई आतून ऐकत होत्या. मासळीवाली सुनेला अगं-तूगं करते हे त्यांना कधी पचलं नाही. त्यांना काय माहीत, तू तर मामलेदारालाही अरे-तुरे करायचीस. मी मात्र तो घेर तुला उसवायला लावलाच. आता वाटतं, काय बिघडलं असतं? गिऱ्हाईक काही टाके मोजायला बसत नव्हतं.

आणि तिन्हीसांज झाली की तू सुई टोचून ठेवायचीस. दिवेलागणीला सुई धरायची नाही, लक्ष्मीच्या वेळेला टोचाटोची नको. काम कितीही अडलेलं असो. मी चिडायचे. तू ऐकायची नाहीस, पाटी उचलायचीस आणि ओव्याच्या वाटेला लागायचीस. एवढी वर्षं मी तुला दिवेलागणीनंतर सुई हातात धरलेलं पाहिलं नाही.

आता चंद्रीचं. इतकी वर्षं आपण दोघींनी तिचं नाव घेतलं नाही. आता मी एकटीच आहे, तर घेते.

वकिलीणबाईंनी पहिली शेड करून घेतली ती पिवळ्या चिटाची, त्यावर बारीक तांबडी फुलं. कापड उरलं. तुझी चंद्री तेव्हा सात वर्षांची, तुझ्याबरोबर यायची, तारेच्या सांगाड्यात डोकं घालून बसायची आणि आतून आपल्याला हाका मारायची. शिमगा तोंडावर होता. मी म्हटलं, या उरलेल्यात हिचा परकर होतो. तुझा चेहरा फुलला. पण हिशेबी बाई तू. "वाढत्या अंगाची हाय, बाय. दुमड ठेव." मी कमरेखाली चांगली चार बोटं दुमड आत घालून टीप मारली, दरवर्षी थोडी थोडी सोडता यावी म्हणून. चंद्रीने तो परकर शिमग्याला घातला आणि नंतर रोजच घातला. धुऊन धुऊन, उन्हात वाळून वाळून पिवळा रंग उडाला. पुढच्या शिमग्याच्या आत पोरगी तापाने गेली. दुमड सोडायची वेळच आली नाही.

तू महिन्याने आलीस. पाटीत मासळीखाली एक गाठोडं होतं, वास लागू नये म्हणून केळीच्या पानात बांधलेलं. "सासूनं सगले कपडे खाडीत सोडले," तू म्हणालीस. "यो येक मी लपवला. घरात ठेवता येत नाय. तुज्याकडे ठेव." मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. तू डोळ्यांत पाणी काढलं नाहीस, मीही नाही. लगेच कामाला बसलो. त्या दिवशी तू उजव्या हाताने टाके घातलेस, मी न सांगता. मला ते बघवेना.

आणि मग वकिलीणबाईंना जोड हवी झाली. पाहुणे यायचे होते, मुलीला बघायला. कोचाजवळ एक शेड, तर खिडकीशी तशीच दुसरी हवी. मी तोऱ्यात होय म्हणून आले. कापडाच्या दुकानात गेले, तर ते चीट केव्हाच संपलेलं. पेणेला माणूस धाडला, नाही. दोन दिवस राहिले. तू त्या आठवड्यात यायची नव्हतीस, तुझ्या सासूचं दुखणं होतं. मी ट्रंक उघडली.

आता मला खोटं बोलायचं नाही. मी विसरले नव्हते. मला माहीत होतं तो काय आहे. मी तो मांडीवर घेऊन बसले, मला वाटलं, नुसता पडून तर आहे, कसर लागून जायचा, त्यापेक्षा कुठे उजेडात तरी राहील. माणूस स्वतःला काय काय सांगतं. मी परकर उसवला. दुमड सोडली तेव्हा आतलं कापड निघालं ते कोऱ्यासारखं, पिवळंधमक, फुलं लालबुंद. बाकीचं फिकट. कापड इतकं बेताचं होतं की तो पट्टा कापून टाकता येईना. मी तो आत घेऊनच चुण्या घातल्या आणि मनाची समजूत घातली की दिवसा फारसा दिसत नाही. दिवा लावून बघितला नाही. आपला नियम मी मोडला तो त्या एकदाच. मला बघायचं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तू आलीस. मासळी विकून झाली, कामही झालं, आणि उठता उठता म्हणालीस, "गाठोडा दे जरा, बाय. येकदा बघून परत ठेवीन."

मी म्हटलं, "कसर लागली गं त्याला. चाळण झाली होती. मी टाकून दिला, तुला सांगवलं नाही."

तू पदर सारखा केलास. "बरा झाला, बाय. आता परत बघायला नको."

एवढंच. मी कात्री उचलून दुसरं काम पुढे ओढलं. तू पाटी उचललीस. त्या दिवशी तू कात्री मिटायची विसरलीस, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

त्यानंतर सात वर्षं तू माझ्या ओटीवर बसून शिवत राहिलीस. काही कमी केलं नाहीस, काही वेगळं बोलली नाहीस. एकच फरक पडला. आधी तू तळ्याच्या बांधावरून घरी जायचीस, ती जवळची वाट. नंतर वकिलांच्या बंगल्यावरून जायला लागलीस, लांबचा वळसा घालून. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, बांधावर कुत्री असतात. तुला कुत्र्यांची भीती? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन हिंडणारी बाई तू, सगळ्या पनवेलीची कुत्री तुझ्या मागे फिरायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. मी त्या वाटेने जायचं सोडलं होतं, वकिलीणबाईंचं काम आलं तर निरोप धाडून मोकळी व्हायचे. सात वर्षं मी त्या खिडकीचं तोंड पाहिलं नाही.

आणि दर शिमग्याच्या आधी तू चिंध्यांच्या पिशवीत हात घालून एक पट्टी मागायचीस. बोटभर रुंद, चांगली लांब. मी म्हणायचे, घे की, मला काय विचारतेस? कशाला हवी, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, लुगड्याला ठिगळ लावत असशील.

सांगायचं मी कितीदा ठरवलं. मागच्या पावसात आपण दोघी डॉक्टरांच्या शेडचा घेर धरून समोरासमोर बसलो होतो, चार हातांत एक कापड. मी म्हटलं, यमुने, मला तुला काहीतरी सांगायचं आहे. तू मान वर न करता म्हणालीस, आधी ही कड धर, सुटते. मी कड धरली. मग ते राहिलंच. तू मुद्दाम थांबवलंस का मला? आता कोणाला विचारू?

परवा, तुझ्या दहाव्याला, मी ओव्याला यायला निघाले होते. मनात होतं की तो परकर आणायचा आणि तुमच्या रीतीप्रमाणे तुझ्या कपड्यांबरोबर खाडीत सोडायचा. लपवलेला एक कपडा तुझ्या लेकीकडे पोचू दे. म्हणून आधी वकिलांकडे गेले. वकिलीणबाई आता थकल्यात. शिमग्यानंतर दिवाणखान्यात ट्यूब लागलीय, शेडची जोडी माळ्यावर गेलीय. मी म्हटलं, एक परत हवी आहे, बदल्यात नवी करून देते. त्यांनी गड्याला माळ्यावर चढवलं आणि मला म्हणाल्या, बाकी तुमची बाई फार इमानी हो. दरवर्षी शिमग्याच्या आधी तुम्ही आठवणीने पाठवायचात तिला शेड बघायला.

मी म्हटलं, कोणाला?

"ती डावरी. दिवेलागणीला यायची. दारातूनच सांगायची, बायनं धाडलाय, परकराची कड बघायला. मी म्हणायचे, अगं सकाळी ये, उजेडात बरं दिसतं. तर म्हणायची, याच उजेडात दिसतं. त्या दिव्याखालीच बसायची आणि शिवायची. या शिमग्याला आली तेव्हा तिला बसवत नव्हतं. अर्ध्यातच उठली, म्हणाली, राहिलेलं नंतर करीन."

गड्याने दोन्ही शेड खाली आणल्या. कुठली हवी, हे विचारावं लागलं नाही. एक होती तशी होती. दुसरी वाढली होती.

मी ती घेऊन ओव्याच्या वाटेला न लागता सरळ घरी आले, म्हणून तुझं दहावं चुकलं. ओटीवर बसून बघितली. खालच्या तारेपासून एकाखाली एक सात पट्ट्या. पहिल्या सहा माझ्या पिशवीतल्या, एकूण एक ओळखीच्या. डॉक्टरांच्या शेडची निळी. मारवाड्याच्या पडद्याची जांभळी. माझ्या बहिणीच्या साडीची, ती तू मागितलीस तेव्हा मी कुरकुरले होते. दर शिमग्याला बोटभर. पोर एका वर्षात उंच होते तेवढीच. आठव्याला एक, नवव्याला एक. टाके सगळे डावीकडे कललेले, बारीक, एकसारखे, मी तुला कधी घालू दिले नाहीत तसे.

सातवी पट्टी माझ्या पिशवीतली नव्हती, या शिमग्याला तू मागितलीच नव्हतीस. तो हिरव्या लुगड्याचा काठ होता, जुना, विरत आलेला. असलं हिरवं लुगडं तुझ्याकडे एकच होतं, लग्नातलं. ते तू मला एकदा दाखवलं होतंस आणि म्हणाली होतीस, चंद्री परकर सोडेल तेव्हा तिला नेसवीन. चंद्रीला आता पंधरावं लागलं असतं.

यमुने, कसर लागली नव्हती. मी कापला. मी जाणून कापला आणि तुझ्या तोंडावर खोटं बोलले. ते तुला सात वर्षं माहीत होतं आणि तू माझ्याच नावावर त्या घरात शिरत होतीस. मला वाईट दिसू दिलं नाहीस, ना त्यांच्यापुढे, ना माझ्यापुढे. मला तुझा राग येतो. एकदा भांडली असतीस, कात्री फेकून मारली असतीस, तर मी पाय धरले असते. माझी तेवढी संधी तू घेऊन गेलीस. आणि तरी तू रोज आलीस, याचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

तो परकर मी खाडीत सोडणार नाही. काल संध्याकाळी तो माझ्या ओटीवरच्या दिव्याला घातला आणि बटण दाबलं. वर दुमडीचा पट्टा पेटल्यासारखा पिवळा दिसला, सात वर्षं तुला त्या खिडकीतून दिसत होता तसा. आणि तळाशी हिरवा काठ, अर्ध्या घेरापर्यंत शिवलेला, पुढे नुसताच लोंबणारा. ओटीवर पाटी टेकल्याचा आवाज आला. मी बघायला उठले नाही.

तिन्हीसांज होती. मी सुई ओवली, डाव्या हातात धरली आणि राहिलेला अर्धा घेर पुरा केला. टाके तुझ्याच बाजूला कललेत, पण वेडेवाकडे आलेत. तू असतीस तर मला उसवायला लावले असतेस, आणि मी निमूट उसवले असते.